काकीची वही: गुन्हेगारी धंद्याची मालकीण नायिका म्हणून कशी लिहावी

नवा लेखक गुन्हेगार बाईवर लिहायला घेतो, तेव्हा पहिल्याच पानावर डोळ्यांत काजळ, बोटांत सिगरेट आणि मागे चार पैलवान उभे असतात. दहाव्या पानावर तिच्यावर झालेला अत्याचार कळतो, विसाव्यावर सूड. चाळिसाव्या पानाला लेखणी अडते. ही बाई सकाळी उठून दिवसभर नेमकं काय करते, हे लेखकालाच ठाऊक नसतं.

इथली पद्धत उलट्या टोकाने सुरू होते. आधी धंदा, मग हिशेब, मग बाई. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: १९८० ते ८३ चं गिरणगाव, लालबाग-परळमधली एक चाळ आणि गिरणी कामगारांना जेवू घालणारी एक खाणावळवाली. ही बाई उधारीतून सावकारीकडे, सावकारीतून मटक्याकडे आणि तिथून दादागिरीकडे सरकते. तिला काकी म्हणू. लांबी दीर्घकथेची धरा, दहा ते बारा हजार शब्द. पहिल्याच फटक्यात कादंबरी घेऊ नका.

पायरी १: धंदा एकच निवडा आणि तो कुठल्या फटीतून उगवला ते शोधा

तस्करी, सुपारी, जुगार, खंडणी असं सगळं एकाच बाईच्या गळ्यात बांधू नका. बेकायदा धंदा उगवतो तो टंचाईतून किंवा बंदीतून. डोंगरीची जेनाबाई दारूवाली रेशनच्या काळातल्या धान्याच्या काळ्याबाजारातून दारूबंदीच्या काळातल्या दारूकडे वळली. पोरबंदरच्या संतोकबेन जाडेजा नवऱ्याच्या खुनानंतर पुढे आल्या आणि १९९० मध्ये कुतियाणातून आमदार झाल्या. या बायकांची आयुष्यं उचलून लिहायला नवख्याने जाऊ नये. कोर्टकज्जाची भीती आहेच, शिवाय खऱ्या घटनांचा दोर पायात अडकतो. त्यांच्याकडून एवढीच गोष्ट घ्यावी, की प्रत्येकीच्या मागे एक रिकामी जागा होती आणि त्या जागेत ती शिरली.

काकीची रिकामी जागा कोणती? गिरणी कामगाराला पगार महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, भूक मात्र रोजची. बायकामुलं गावी, हा दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर एका खोलीत, जेवण खाणावळीत आणि हिशेब पगाराला. म्हणजे प्रत्येक खाणावळवाली मुळातच उधार देणारी असते. कोणाचा पगार कधी, कोणाचे खाडे किती, कोण दारूत उडवतो, कोणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, हे तिला मुकादमाआधी कळतं. तिची सत्ता या माहितीवर उभी आहे, चाकू फार उशिरा येतो.

पायरी २: एका पानावर हिशेब मांडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच कथा पोकळ होते. खालचे आकडे कथेसाठी धरलेले आहेत. तुमचे वेगळे घ्या, पण बेरीज जुळली पाहिजे.

काकीचे कर्जदार ४०, प्रत्येकाकडे ५०० रुपये, म्हणजे बाहेर पडलेले २०,०००. व्याज दरमहा शेकडा १०, आवक २,०००. पण हे भांडवल तिचं नाही. तिने ते वरच्या सावकाराकडून दरमहा शेकडा ५ ने उचललंय, म्हणजे १,००० तिकडे जातात. वसुलीच्या दोन पोरांना अडीचशे-अडीचशे, ५००. चौकीचा हप्ता ३००. हातात उरले २००.

दोनशे रुपयांसाठी एवढा उपद्व्याप कोण करील? या प्रश्नापाशी थांबा, कारण तुमची नायिका इथे जन्माला येते. पोट खाणावळीवर भरतंय. तरीही ती सावकारी सोडत नाही, कारण तिच्या एका शब्दावर चाळीस घरं हलतात. तिला ते आवडतं. हे तिने कथेत कधीही बोलून दाखवू नये.

कर्जदाराच्या बाजूनेही एकदा गणित करा. ५०० उचलले, महिना ५० व्याज. बारा महिन्यांत ६०० भरले आणि मुद्दल ५०० तसंच उभं. हे वाक्य कथेत एखाद्या कामगाराच्या बायकोच्या तोंडी, बोटं मोजत, एकदाच येऊ द्या. वाचकाला काकी कोण आहे ते तेवढ्यात कळतं.

आता इतिहास हिशेबावर आदळू द्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. फेब्रुवारीपासून काकीची आवक शून्य, जावक १,८०० तशीच. पोरांना काढलं तर १,३००, पण मग वसूल कोण करणार? आणि रोज दोन वेळा तेच चाळीस जण पाटावर येऊन बसतात. काही जण परळहून एसटी पकडून कोकणात, साताऱ्याकडे निघून गेले, म्हणजे ते पैसे बुडाल्यातच जमा. त्यांच्यामागे माणूस पाठवायचा तर प्रवासखर्च व्याजाहून जास्त.

कथानक शोधायला आता वेगळं बसावं लागत नाही.

पायरी ३: चांगलं आणि वाईट एकाच कृतीत घाला

नवख्यांची नेहमीची युक्ती अशी: बाई खून पाडते, पण अनाथाश्रम चालवते. दोन वेगळ्या पारड्यांत दोन वेगळी कामं. वाचक वजाबाकी करतो आणि मोकळा होतो. धूसरपणा हवा असेल, तर एकाच कामाने कुणाचं तरी पोट भरलं पाहिजे आणि त्याच कामाने कुणाचं तरी घर गेलं पाहिजे. शक्य तर दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत.

काकी संपकऱ्यांना फुकट जेवू घालते, हे खरं. त्याच आठवड्यात त्यांच्या खोल्यांच्या भाडेपावत्या गहाण म्हणून गोळा करते, हेही खरं. जेवलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. एक नमुना:

काकीने त्याच्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा वाढला.
“सदा, बायको गावी कधी जाते?”
“शिमग्याक, काकी.”
“मग खोली बंदच राहणार. पावती उद्या माझ्याकडे आणून ठेव. हल्ली चोऱ्या फार.”
सदाने मान हलवली. तुकड्यातला काटा काढायला त्याला बराच वेळ लागला.

धमकी कुठेही नाही, आवाज चढलेला नाही, तरी खोली गेली. आणि बांगडा खरोखरच मायेने वाढलेला आहे. इथे “काकीच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली” असं काही लिहिलंत की सगळं फुकट.

लिहिण्याआधी एका कोऱ्या वहीत चार रकाने आखा: कोणाला मिळालं, कोणी भरलं, काकीला काय सुटलं, काकी स्वतःला काय सांगते. तिच्या बारा कृती त्यात भरा. “कोणी भरलं” हा रकाना तीनपेक्षा जास्त ठिकाणी रिकामा राहिला, तर तुम्ही तिला देवी करून ठेवलंय. बाराही ठिकाणी काकीलाच सुटत असेल, तर ती खलनायिका झाली. निदान दोन कृतींत तिचं शुद्ध नुकसान असावं, आणि का केलं ते तिलाही सांगता येऊ नये. चौथ्या रकान्यात काकी खोटं बोलते, पण ते खोटं ऐकायला पटणारं हवं: “मी घेतली नसती तर मारवाड्याने घेतली असती.” हे वाक्य त्या काळच्या चाळीत सहज ऐकू आलं असतं. त्यातला आडवा द्वेषही तिचाच आहे, तो पुसून तिला आजची सुसंस्कृत बाई करू नका.

पायरी ४: ती हात का उचलते याचं कारण कायद्यात शोधा

“ती मुळातच क्रूर होती” हे कारण नव्हे. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याखाली परवान्याशिवाय सावकारी करता येत नव्हती आणि बिनपरवाना सावकाराला वसुलीसाठी कोर्टाचा हुकूमनामा मिळत नव्हता. म्हणजे काकीला कोर्टाचा दरवाजा बंद. कर्ज बुडवणाऱ्याला ती नोटीस पाठवू शकत नाही. एकाने बुडवलं आणि ते पचलं, तर उरलेले एकोणचाळीसही पुढच्या महिन्यात तेच करणार. हात उचलणं तिच्या धंद्यात आधीच लिहिलेलं आहे. तिला ते आवडत नाही असंही दाखवू नका, आवडतं असंही नको. कांदा चिरण्यासारखं ते करायचं काम आहे.

मार कोणी आणि कसा द्यायचा? मालकीण स्वतः मारत नाही आणि हुकूमही सोडत नाही. ती म्हणते, “त्याला जरा भेटून या.” वाक्य जितकं साधं, तितकं अंगावर येतं. पूर्ण कथेत मारहाण एकदाच सविस्तर लिहा, आणि मारापेक्षा नंतरची सकाळ लांबवा: केईएमच्या वॉर्डातला माणूस, प्लॅस्टरमधला हात, आणि त्याचा डबा भरून न्यायला काकीच्याच दारात उभी असलेली त्याची बायको. काकी डबा भरते. पैसे घेते की नाही? ते तुम्ही ठरवा, पण घेतले तरी आणि सोडले तरी त्या बायकोला तो अपमानच वाटला पाहिजे.

खोल्या बळकावण्याचं कामही नीट समजून घ्या. पागडी, म्हणजे खोली घेताना भाड्याशिवाय वरून द्यायची रक्कम, तेव्हा कायद्याने गुन्हा होती आणि तरी सर्रास चालत होती. तिला मान्यता मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने. नुसती पावती हातात असून खोली काकीची होत नाही, भाडेकरूचं नाव बदलायला चाळमालकाचा मेहता, म्हणजे त्याचा कारकून, लागतो. म्हणजे तुमच्या कथेत एक पात्र आपोआप आलं, आणि त्याचा वाटाही हिशेबाच्या पानावर चढला.

मटका, थोडक्यात

संपात काकी मटक्याच्या चिठ्ठ्या घ्यायला लागते. रिकामे हात आणि उधारीचे पैसे असले की आकडा लागतोच. शून्य ते नऊ असे दहा आकडे, एका आकड्याला रुपयाला नऊ. दहाही आकड्यांवर सारखे लागून हजार रुपये जमले तर नऊशे वाटायचे, शंभर राहिले. पण लोक सारखे लावत नाहीत. कोणाच्या स्वप्नात साप आला आणि अख्ख्या चाळीने सातावर लावलं, तर सात आल्यावर काकी बुडते. म्हणून जड झालेला आकडा ती मोठ्या बुकीकडे पुढे लावते आणि त्याच्या मुठीत जाते. एवढं पुरे. ओपन-क्लोज, जोडी, पाना यांचं व्याख्यान कथेत देऊ नका, वाचकाला परीक्षा द्यायची नाही.

पायरी ५: तिच्याभोवती सहाच माणसं, आणि कोण काय हाक मारतो

वसुलीचा पोरगा, हवालदार, मेहता, वरचा सावकार, घरातली एक बाई (नणंद किंवा विधवा बहीण), आणि वही लिहिणारा. सातवं पात्र आलं की आधीच्यांपैकी एक पातळ होतं.

हाकेत सत्तेचा नकाशा असतो. कोकणातले कामगार तिला “काकी” म्हणतील, घाटावरचे “आक्का” किंवा “वैनी”. हवालदार सगळ्यांसमोर “ओ बाई” म्हणेल आणि हप्ता घेताना “काकी”. वरचा सावकार तिला नावाने, एकेरी. तो तिला पहिल्यांदा “तुम्ही” म्हणतो, तो क्षण कथेच्या मध्यावर ठेवा. कुठलंही भाषण न करता ती मोठी झाल्याचं कळतं. “लेडी डॉन” हा शब्द वर्तमानपत्राच्या मथळ्यापुरता, चाळीत कोणी असं बोलत नाही.

प्रतिस्पर्धी म्हणून दुसरी टोळी आणू नका. याहून धारदार विरोधक गिरणगावात खरोखर होता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, खाणावळवाल्या बायकांना एकत्र केलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. शेजारच्या चाळीतली खाणावळवाली जर बँकेच्या व्याजाने पैसे घेऊ लागली, तर काकीच्या दहा टक्क्यांना विचारतो कोण? मंडळाच्या बायका मोर्चात जाताना काकी गॅलरीतून बघते आहे, हा प्रसंग लिहायला हवा. ती त्यांच्यातली होऊ शकली असती. का झाली नाही, याचं एकच कारण देऊ नका. आणि मंडळातल्या कुणाला काकीच्या पोरांनी इजा केल्याचं दाखवायचं असेल, तर मंडळ कल्पित नावाचं घ्या.

पायरी ६: भूतकाळ मुठीत मावेल एवढाच

तिच्यावर कोणी अन्याय केला म्हणून ती अशी झाली, ही सूट वाचकाला देऊ नका. नवऱ्याचा पत्ता काय, मूल आहे का, मुंबईत कधी आली: दीडशे शब्दांत, आणि पहिला एक तृतीयांश भाग उलटून गेल्यावर. तोवर वाचकाने तिच्याबद्दल मत बनवलेलं असतं. भूतकाळाने ते मत डळमळायला हवं, धुऊन जायला नको. बलात्काराचा प्रसंग “कारण” म्हणून वापरायचा मोह होतोच. आधी स्वतःला विचारा: पुरुष गुंडाला एवढं मोठं कारण लागलं असतं का?

पायरी ७: गोष्ट कोण सांगतं

काकीच्याच तोंडून सांगितलीत तर भाषा रसरशीत होते, पण ती वकिली करायला लागते. बाहेरून सर्वज्ञ निवेदकाने सांगितली तर लेखक न्यायाधीश होतो. नवख्यासाठी सोपी जागा म्हणजे वही लिहिणारा पोरगा. रात्रशाळेत नववीत शिकणारा, काकीला अक्षरओळख नाही म्हणून तिचा हिशेब मांडणारा. त्याचं जेवण काकीकडे, फी काकीने भरलेली, आणि त्याच्या बापाचं नावही त्याच वहीत. त्याला सगळे आकडे दिसतात, माणसाच्या मनातलं दिसत नाही. एक धोका: हा पोरगा काकीच्या प्रेमात पडू देऊ नका. पडला की कथा तिच्याबद्दल राहत नाही.

काळाच्या चुका

इथे अनुभवी लेखकही घसरतात. १९८२ मध्ये पाचशेची नोट चलनात नव्हती, ती १९८७ मध्ये आली. हजाराच्या आणि त्यावरच्या नोटा १९७८ मध्येच रद्द झाल्या होत्या. म्हणजे वीस हजार रुपये शंभरच्या दोनशे नोटांचे, दोन जाड गड्ड्या. ब्लाउजमधून काढून देता येत नाहीत. लालबागमध्ये रिक्षा नाही, तेव्हाही नव्हती, आताही नाही. काकी टॅक्सीने जाईल, नाहीतर बेस्टच्या बसने. कागदोपत्री शहराचं इंग्रजी नाव १९९५ पर्यंत बॉम्बे, पण मराठी माणूस तेव्हाही मुंबईच म्हणायचा. तेव्हा पात्रांच्या तोंडी उगाच “बंबई” घालू नका. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा १९९९ चा. काकीला लावायचं तर १९५१ च्या पोलीस कायद्यातलं कलम ५६, तडीपारी, जास्तीत जास्त दोन वर्षं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अटकेची. “सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही” असं काकीचा वकील ठणकावून सांगतो आणि वाचक टाळ्या वाजवतो. ती तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने आली. १९८२ मध्ये काकीला रात्री दोनला उचलता येत होतं. तिची अंगझडती बाईनेच घ्यायची, एवढं मात्र तेव्हाही होतं. चौकीत रात्री बाई पोलीस नसेल तर काय, हा प्रसंग नाट्यमय आहे आणि खराही. तसंच, पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा कोठडीत ढसाढसा रडून सगळं कबूल करणारी काकी कोर्टात काहीच सिद्ध करत नाही.

पायरी ८: मांडणी आणि शेवट

बारा हजार शब्दांचे आठ भाग करा, पण सारखे नकोत. संपाआधीचा एक भाग, छोटा. हिशेब कोसळतो तो भाग सर्वांत लांब, अडीच हजारांपर्यंत. मारहाण आणि नंतरची सकाळ मिळून दीड हजार. तडीपारी कथेच्या शेवटच्या एक तृतीयांशात आणा, कारण गावी बसलेली काकी म्हणजे वहीपासून तोडलेली काकी. आता वही पोराच्या हातात. तो काय करतो, इथे खरी गाठ आहे.

तीन शेवट टाळा: पोलिसांची गोळी, देवळातला पश्चात्ताप आणि आमदारकी. पहिल्यात लेखक सुटतो, दुसऱ्यात वाचक सुटतो, तिसरा आता इतका वापरलाय की त्याला धार राहिलेली नाही. काकीला तिच्याच चलनात किंमत मोजू द्या. परत आल्यावर खाणावळीत कोणी जेवायला येत नाही, किंवा सगळे येतात आणि रोख पैसे ताटाशेजारी ठेवून जातात. दुसरा शेवट जास्त क्रूर आहे.

पहिला खर्डा झाला की तीन वाचकांना द्या. त्यांतला एक तरी त्या भागात वाढलेला असू द्या. “काकी आवडली का?” असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, “अडचणीत असता तर तिच्याकडून पैसे घेतले असते का?” एकाने लगेच हो म्हटलं, तर पायरी ३ मधल्या वहीकडे परत जा. तिघांनी लगेच नाही म्हटलं, तरीही परत जा. उत्तर द्यायला वेळ लागला आणि मग “व्याज किती म्हणालात?” असा उलटा प्रश्न आला, तर खर्डा पक्का करायला घ्या. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच मागवलं जातं, तेव्हा हे वाचन उन्हाळ्यात उरकायला हवं.